आयरिश वंशवेलीचा शोध : जळालेली दप्तरे आणि डीएनएची साक्ष

आयर्लंड बेटाची लोकसंख्या सुमारे ७० लाख आहे. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत मात्र ३ कोटी ८६ लाख लोकांनी आपले मूळ आयरिश असल्याची नोंद केली. बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे १८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये महादुष्काळ ओढवला. त्यात सुमारे १० लाख माणसे दगावली आणि किमान तितकीच देशोधडीला लागली. परदेशी गेलेल्यांच्या वंशजांपैकी अनेकांना पूर्वजांचा देश ठाऊक असतो, गाव मात्र ठाऊक नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत डीएनए चाचणीचा आधार घेतला जाऊ लागला आहे.

कागद कुठे गेले?

यादवी युद्धाच्या आरंभी, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्स’ इमारतीच्या आवारातील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांची कागदपत्रे त्यात जवळजवळ संपूर्ण भस्मसात झाली. १८६१ आणि १८७१ च्या नोंदी सरकारनेच पूर्वी नष्ट केल्या होत्या, तर १८८१ आणि १८९१ च्या नोंदी पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेल्या. त्यामुळे संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची आहे.

तरीही सर्व काही संपले असे नाही. १८४७ ते १८६४ दरम्यान झालेली ‘ग्रिफिथ मूल्यांकन’ ही जमीन व घरांची आकारणी, १८६४ पासूनची जन्म, मृत्यू व विवाहांची सरकारी नोंदणी आणि चर्चच्या नोंदवह्या अभ्यासकांच्या हाती आहेत. राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक चर्चच्या नोंदवह्यांची छायाचित्रे २०१५ मध्ये विनामूल्य खुली केली. अडचण असते ती नावांची. एकाच परिसरात मर्फी, केली किंवा सलिव्हन आडनावाची, त्यातही जॉन किंवा मेरी नावाची अनेक माणसे आढळतात. त्यांतील आपला पूर्वज कोणता, हे केवळ कागदावरून ठरत नाही. डीएनएची खरी मदत होते ती येथे.

तीन चाचण्या, तीन उत्तरे

वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. आयरिश आडनावेही सामान्यतः पित्याकडूनच येत असल्याने एका आडनावाच्या दोन पुरुषांचे मूळ घराणे एकच आहे काय, हे या चाचणीने तपासता येते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांना २००६ मध्ये वायव्य आयर्लंडमधील सुमारे दर पाच पुरुषांमागे एकात वाय गुणसूत्राची एक समान खूण आढळली. पाचव्या शतकातील ‘नऊ ओलिसांचा नायल’ या दंतकथांतील राजाशी तिचा संबंध जोडला गेला. पुढील अभ्यासांत मात्र ही खूण नायलच्याही आधीची असावी असे दिसून आले. त्यामुळे ती आढळली म्हणजे राजवंश सिद्ध झाला, असे होत नाही.

मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून सर्व अपत्यांना मिळतो आणि मातृवंश दाखवितो; परंतु तो फार सावकाश बदलत असल्याने अलीकडचे नाते ठरविण्यास त्याचा उपयोग मर्यादित आहे.

तिसरी चाचणी उर्वरित गुणसूत्रांची. ती आई व वडील या दोन्ही बाजूंचे नातलग शोधून देते. आजोबांकडून सरासरी २५ टक्के, पणजोबांकडून साडेबारा टक्के असा हा वारसा पिढीगणिक निम्मा होत जातो. खापरपणजोबा समान असलेल्या भावंडांपैकी सुमारे दहा टक्के जोड्यांत समान डीएनए आढळतच नाही. त्याहून एक पिढी मागे गेल्यास हे प्रमाण वाढून सुमारे निम्म्या जोड्यांपर्यंत जाते. म्हणजेच डीएनए जुळला नाही, म्हणून नाते नाही असे म्हणता येत नाही. घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीची चाचणी आधी करावी, असा सल्ला दिला जातो तो याच कारणाने.

टक्केवारीचे मर्म

अहवालातील ‘इतके टक्के आयरिश’ हा आकडा सर्वाधिक लक्ष वेधून घेतो. पण तो तुलनेसाठी निवडलेल्या नमुन्यांवर बेतलेला अंदाज असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयरिश डीएनए अ‍ॅटलस’ अभ्यासासाठी, ज्यांचे पणजोबा व पणज्या परस्परांपासून जवळच्या परिसरात जन्मल्या अशा १९४ व्यक्ती निवडण्यात आल्या. त्यातून बेटावर दहा जनुकीय गट आढळले, आणि त्यांची मांडणी बरीचशी जुन्या प्रांतांशी जुळली. यातून प्रदेशाचा सुगावा लागतो. गाव आणि घर सांगण्याचे काम कागदच करतात. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मले असल्यास नातवंडांना आयरिश नागरिकत्व मिळू शकते, पण त्यासाठीही दाखलेच लागतात. टक्केवारी चालत नाही.

नात्यांची जोखीम

हा शोध सर्वांसाठी केवळ छंद नसतो. गॉलवे परगण्यातील ट्यूअम येथे १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित माता व बालकांसाठी एक गृह चालविले जात होते. तेथे मृत्यू पावलेल्या ७९६ मुलांची नावे स्थानिक इतिहास अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी उजेडात आणली; त्यांच्या दफनाच्या नोंदी मिळत नव्हत्या. जुलै २०२५ मध्ये तेथे उत्खनन सुरू झाले आणि अवशेषांची ओळख पटविण्यासाठी नातलगांचे डीएनए नमुने घेण्याची व्यवस्था करण्यात आली. दत्तक गेलेल्यांना आपल्या जन्माची माहिती मिळण्याचा हक्क आयर्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने दिला. त्याआधी अनेकांना चाचणीतून मिळणारे दूरचे नातलग हाच मार्ग उरला होता.

एका व्यक्तीच्या चाचणीतून तिच्या भावंडांची, क्वचित घराण्याने लपविलेल्या नात्यांचीही माहिती उघड होते. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये फुटली आणि २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून नमुना देण्यापूर्वी नियम वाचणे आणि जवळच्या नातलगांना विश्वासात घेणे इष्ट ठरते. डीएनए दोन माणसांत नाते आहे एवढे सांगतो. ते नाते कोणामुळे जुळले, हे चर्चच्या नोंदवहीतील एखाद्या ओळीतूनच कळते.