विस्तव झांकण्याची घंटा

एखाद्या शहरांत दंगा उसळला म्हणजे दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत एक शब्द हटकून वाचावयास मिळतो; तो म्हणजे ‘कर्फ्यू’. सरकारी मराठींत त्यासाठीं ‘संचारबंदी’ हा शब्द योजितात. पण बोलतांना सामान्य माणूस ‘कर्फ्यू लागला’ असेंच म्हणतो. दंगा नसतांहि तो हा शब्द वापरतो. वैशाखांत भर दुपारीं चंद्रपूरच्या रस्त्यावर चिटपांखरूंहि दिसेनासें झालें कीं, ‘आज कर्फ्यू लागला कीं काय?’ असें कोणी सहज म्हणून जातो. इतक्या परिचयाच्या या शब्दाचें मूळ नातें मात्र दंग्याशीं नाहीं आणि पोलिसांशींहि नाहीं. तें आहे चुलीशीं.

जुन्या फ्रेंच भाषेंतील दोन शब्दांच्या जोडणीनें तो बनला आहे. पहिल्याचा अर्थ ‘झांक’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘विस्तव’. मध्ययुगीन युरोपांत घरें बहुधा लांकडाचीं व गवती छपराचीं असत. रात्रीं एका घरांतील ठिणगी उडाली तर सकाळपर्यंत सारी पेठ भस्म होई. म्हणून ठराविक वेळीं घंटा वाजे आणि ती ऐकतांच प्रत्येकानें आपला विस्तव झांकावा असा दंडक असे. इ. स. १०६६ मध्यें इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमनें हा दंडक तेथें सक्तीनें लागू केला, अशी परंपरा सांगते. विस्तवावर पालथें घालण्याच्या धातूच्या झांकणासहि इंग्रजींत हेंच नांव होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हुकूम विस्तव विझविण्याचा नव्हता, झांकण्याचा होता. या दोहोंतील भेद महाराष्ट्रांतील जुन्या गृहिणींस समजावून सांगण्याची गरज नव्हती. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर निखारे राखेखालीं पुरून ठेवावयाचे आणि पहांटे राख सारून, फुंकणीनें फुंकून तेच पुन्हां फुलवावयाचे, हा त्यांचा नित्याचा क्रम होता. विस्तव विझलाच तर शेजारणीकडे मागावयास जावें लागे. राख घालावयाची ती निखाऱ्याच्या रक्षणासाठीं.

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत तर या शब्दाचा मूळ अर्थ आजहि जिवंत आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तेथें वणव्यांचा हंगाम मानला जातो. याच काळांत मोहाचीं फुलें गळतात. तीं वेंचणें सोपें व्हावें म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविण्याची जुनी चाल आहे, आणि तेवढ्या आगीचा कित्येकदां वणवा होतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमानें राखीव जंगलांत धोका होईल अशा रीतीनें विस्तव पेटविणें अथवा पेटता सोडून जाणें हा गुन्हा ठरविला आहे. शहरांतला कर्फ्यू माणसाला अडवितो. रानांतला हा दंडक अजून विस्तवालाच अडवितो. जंगलालगतच्या गांवांत दिवेलागणीनंतर एकट्यानें बाहेर पडूं नये, असा आणखी एक नियम पाळला जातो. तो वाघाच्या भयानें. त्याला घंटा किंवा हुकूम लागत नाहीं.

मग विस्तवावरील हें बंधन माणसावर कसें आलें? घंटा झाल्यावर चूल झांकून झोपावयाचें, तर रस्त्यावर फिरणारा तो कोण, हा संशय ओघानेंच आला. आपल्याकडेहि पेशव्यांच्या पुण्यांत रात्रीची तोफ झाल्यावर फिरणारा कोतवालाच्या हातीं सांपडे. रात्रींची ही रीत पुढें दिवसासहि लागू झाली, आणि चुलीची आठवण पुसली जाऊन राज्यसत्तेचा धाक तेवढा उरला.

हें झांकण माणसांवरून बातमीवर कसें सरकतें, हें तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील चिमूरनें पाहिलें. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं नागपंचमीस तेथें मिरवणुकीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर मारला गेला आणि खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकाऱ्यांची हत्या झाली. १९ ऑगस्टला लष्कर आलें. गांवांतील पुरुषांची धरपकड झाली, स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी उठल्या आणि गांवावर एक लाख रुपयांचा सामुदायिक दंड बसला. सरकार चौकशी करीना, तेव्हां प्रा. भणसाळी यांनीं उपोषण मांडिलें. त्या उपोषणाची वार्ता छापण्यासहि बंदी झाली. निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं आपले अंक काढले नाहींत. १२ जानेवारीस, ६३ दिवसांनीं, उपोषण सुटलें. पण झांकल्यानें चिमूरची आठवण विझली नाहीं. राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणें ती धगधगत राहिली.

कायद्याच्या भाषेंत जमावबंदी व संचारबंदी एक नव्हेत. जमावबंदींत पांच जणांनीं एकत्र जमावयाचें नसतें. संचारबंदींत एकट्यानेंहि बाहेर पडावयाचें नसतें. दोन्ही हुकूम बहुधा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखालीं निघत. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमानें घेतली आहे. दंडाधिकाऱ्याचा असा हुकूम एरव्हीं दोन महिन्यांपलीकडे चालत नाहीं. त्याला मुदत आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

२२ मार्च २०२० रोजीं सकाळीं ७ ते रात्रीं ९ पर्यंत ‘जनता कर्फ्यू’ झाला. त्या दिवशीं लोक आपण होऊन घरांत बसले. दुसऱ्याच दिवशीं महाराष्ट्रांत सक्तीची संचारबंदी आली. रोगाच्या त्या काळांत बंधनाचा हेतु प्राण वांचविणें हा होता, आणि तो मूळ अर्थाच्या जवळचा होता. तरीहि हातावर पोट असणाऱ्याच्या घरीं त्याच बंधनानें चूलच पेटेनाशी झाली, हेंहि विसरतां येत नाहीं.

म्हणून असा हुकूम निघाला म्हणजे नागरिकानें तो पाळावा, पण दोन प्रश्न अवश्य विचारावे. झांकलें जात आहे तें काय, आणि राख सारावयाची केव्हां? पहांटेची वेळ ठरलेली असेल तर तें झांकण रक्षणासाठीं आहे. ती ठरलेलीच नसेल, तर निखारा घुसमटून विझावयास वेळ लागत नाहीं.