शाही

शाही : राजवंश, राज्य, अंमल वा राज्यपद्धती दर्शविणारे मराठीतील उत्तरपद. निजामशाही, शिवशाही, नोकरशाही, लोकशाही इ. शब्दांत ते येते. स्वतंत्रपणे वापरल्यास ते विशेषण असून ‘राजाचा’ किंवा ‘राजाला शोभेल असा’ एवढाच त्याचा अर्थ होतो (उदा., शाही फर्मान, शाही मेजवानी). राजा या अर्थाच्या शब्दापासून निघालेले हे पद पुढे लोकांच्या सत्तेचे नाव कसे झाले, हा मराठी राज्यव्यवहाराच्या इतिहासातील लक्षणीय भाग आहे.

फार्सी ‘शाह’ (राजा) या शब्दास ‘ई’ हा प्रत्यय लागून ‘शाही’ हे रूप सिद्ध होते. ‘शाह’चे मूळ प्राचीन इराणी भाषेत असून संस्कृतातील ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ हे शब्द त्याच धातुकुलातील होत. बुद्धिबळातील ‘शह’ हाही तोच शब्द. भारतात या शब्दाचा प्रवेश मुसलमानी राजवटीबरोबर झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. कुशाण राजांच्या बिरुदांत ‘षाहि’ हे पद येते. समुद्रगुप्ताच्या चौथ्या शतकातील प्रयाग प्रशस्तीत ‘देवपुत्रषाहिषाहानुषाहि’ असा उल्लेख आहे, तर काबूल-उदभांडपूर येथील हिंदू राजघराणे शाही या नावानेच ओळखले जाते. मराठीत मात्र हा शब्द आला, तो दक्षिणेतील सुलतानांच्या काळात.

कोणत्या शाहीचा अंमल कोठे आणि किती काळ होता, हे समजण्यास उत्तर कोकणाचे उदाहरण सोयीचे आहे. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील दिघाशी हे गाव ज्या कल्याण-भिवंडी प्रदेशात मोडते, त्या प्रदेशाने यांपैकी बहुतेक शाह्या पाहिल्या. त्यापूर्वी येथे शिलाहारांचे राज्य होते. याच तालुक्यातील भादाणे या गावाशी निगडित असलेला शिलाहार राजा अपराजित याचा ताम्रपट शके ९१९ (इ. स. ९९७) मधील आहे. शिलाहार राजे स्वतःस महामंडलेश्वर म्हणवीत. ताम्रपटांच्या भाषेत राजाची बिरुदे, प्रधानांची पदे आणि मंडल, विषय यांसारखे प्रादेशिक विभाग तपशिलाने येतात. परंतु एखाद्या राजवटीस तिच्या समग्र व्यवस्थेसह निर्देशिणारा सुटसुटीत शब्द त्यांत आढळत नाही. ही उणीव पुढे ‘शाही’ने भरून काढली.

कल्याण-भिवंडी हा भाग प्रथम अहमदनगरच्या निजामशाहीत होता. १६३६ च्या तहाने ते राज्य मोगल व विजापूरकर यांनी वाटून घेतल्यावर तो आदिलशाहीकडे गेला. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६६१ मध्ये कल्याण मोगलांच्या हाती पडले आणि त्यानंतर या प्रदेशाने मराठे व मोगल यांचे अंमल आलटून पालटून अनुभवले. १८१७ च्या पुणे करारानुसार उत्तर कोकण पेशव्यांकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले.

‘निजामशाही’ या शब्दाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. अहमदनगरच्या सुलतानांचे बिरुद ‘निजामशाह’ असे होते. त्याला ‘ई’ लागून ‘निजामशाही’, म्हणजे निजामशाहाची (सत्ता), हा शब्द झाला. आदिलशाही, कुत्बशाही, इमादशाही व बरीदशाही हे शब्दही असेच झाले. म्हणजे येथे प्रत्यय केवळ ‘ई’ एवढाच असून ‘शाह’ हा राजाच्या नावाचा भाग आहे. परंतु मराठी कानाने या शब्दाची फोड ‘निजाम + शाही’ अशी केली. ही फोड व्याकरणदृष्ट्या चुकीची खरी, पण तिच्यामुळेच ‘शाही’ हे कोणत्याही नावास जोडता येईल असे उत्तरपद भाषेस मिळाले. शिवाजी महाराज शाह नव्हते, तरी ‘शिवशाही’ हा शब्द त्यामुळे शक्य झाला. शिंदेशाही, होळकरशाही हे शब्द सरदारांच्या नावांवरून बनले. पगडी व तोडे या वस्तूंनाही ‘शिंदेशाही’ हे विशेषण लागले. याउलट पेशवाई, मोगलाई या शब्दांत मूळचा ‘ई’ किंवा ‘आई’ हा प्रत्ययच टिकून राहिला.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास (१६७४) राज्यव्यवहारातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला. रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून सिद्ध करविलेला राजव्यवहारकोश हे त्याचे प्रमुख फळ. पेशव्यास मुख्य प्रधान, मुजुमदारास अमात्य, डबीरास सुमंत आणि सरनोबतास सेनापती अशी नावे मिळाली. वि. का. राजवाडे यांच्या गणनेप्रमाणे १६२८ च्या एका पत्रात शेकडा सु. ८५ शब्द फार्सी होते; १७२८ च्या पत्रात हे प्रमाण सु. ६ वर आले. मात्र कोश आणि व्यवहार यांची वाट नेहमीच एक असते असे नाही. ‘मुख्य प्रधान’ शिक्क्यात राहिला आणि एका संपूर्ण कालखंडाला नाव मिळाले ते ‘पेशवाई’ असे.

या शब्दांच्या शेजारी ‘स्वराज्य’ हा शब्द ठेवून पाहिला पाहिजे. मोगल बादशाहाकडून १७१९ मध्ये मराठ्यांना चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्य यांच्या सनदा मिळाल्या. त्यांतील ‘स्वराज्य’ हा तात्त्विक शब्द नसून शिवाजी महाराजांच्या निधनसमयी त्यांच्या ताब्यात असलेल्या मुलखाचे ते नाव होते, आणि त्या मुलखाच्या यादीत कल्याण व भिवंडी ही दोन्ही नावे आहेत. त्याच्या बाहेरचा मुलूख तो मोगलाई. पुढे मोगलाई याचा अर्थ अंदाधुंद कारभार असा झाला आणि लोकमान्य टिळकांच्या काळात स्वराज्य हे राजकीय ध्येयाचे नाव बनले. दोन्ही शब्दांचा भूगोल असा गळून पडला.

‘शाही’चाही प्रवास याच दिशेने झाला. नादिरशाहाने १७३९ मध्ये दिल्लीत केलेल्या कत्तलीनंतर ‘नादिरशाही’ हा शब्द जुलमाचा वाचक झाला. बेबंदशाही, झुंडशाही, दंडेलशाही या शब्दांत तर कोणी राजा नाहीच; सत्ता कशाच्या जोरावर चालते, एवढेच पूर्वपद सांगते. आधुनिक काळात याच साच्यातून नोकरशाही, भांडवलशाही, सरंजामशाही, हुकूमशाही हे पारिभाषिक शब्द तयार झाले. यांपैकी ‘सरंजाम’ हा शब्द विशेष रंजक आहे : मुळात साहित्य, सामग्री हा त्याचा अर्थ असून घरगुती मराठीत तो अजून चालतो, मराठेशाहीत फौज बाळगण्यासाठी दिलेल्या मुलखास तो लागू झाला आणि अखेर युरोपीय इतिहासातील एका समाजव्यवस्थेसही तोच योजला गेला. महाराष्ट्रातील सरंजाम आणि मध्ययुगीन युरोपातील व्यवस्था यांत पुष्कळ फरक असल्याने या शब्दाचा उपयोग सावधपणे करणे इष्ट होय.

‘लोकशाही’त संस्कृत ‘लोक’ आणि फार्सी ‘शाही’ यांचा संकर आहे. शब्दशः पाहता त्याचा अर्थ ‘लोकांची बादशाही’ असा होतो. हिंदीने ‘लोकतंत्र’, बंगालीने ‘गणतंत्र’, तेलुगूने ‘प्रजास्वाम्य’ हे शब्द स्वीकारले. गुजरातीने मात्र मराठीप्रमाणेच ‘लोकशाही’ पत्करला. वि. दा. सावरकर यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने अनेक फार्सी शब्द हटविले. माधवराव पटवर्धन हे तर फार्सीचे प्राध्यापक व फार्सी-मराठी कोशाचे (१९२५) कर्ते असून भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. तरीही हा शब्द टिकला आणि संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ असा तो प्रतिष्ठित झाला. सत्ता कोणाची, या प्रश्नाचे उत्तर पूर्वपदात देण्याची जी सवय या साच्याने मराठीस लावली होती, तिच्यामुळे नवी कल्पना सामान्य वाचकास चटकन उमगली, हे या टिकाऊपणाचे कारण असावे.

ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात त्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. निजामशाही गेली, पेशवाई गेली, कंपनी सरकार आले व गेले. तथापि जंगलपट्टीतील आदिवासी कुळाचा प्रत्यक्ष धनी जमीनदार वा सावकार हाच राहिला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी राबणारा ‘लग्नगडी’ कोणत्या शाहीची प्रजा होता, हे राजवंशांच्या यादीवरून कळत नाही. १९४५ मध्ये कल्याणजवळील टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यानंतर डहाणू, उंबरगाव भागांत गोदावरी परुळेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. सावकारशाही, जमीनदारशाही हे शब्द अशाच चळवळींच्या भाषेतील होत. १९४८ चा कुळकायदा आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा हे त्यापुढील टप्पे.

दिघाशीसह तालुक्यातील ग्रामीण भागासाठी १ मे १९६२ पासून ठाणे जिल्हा परिषद व भिवंडी पंचायत समिती या संस्था काम करू लागल्या. या व्यवस्थेचे नाव ‘पंचायत राज’ असे असून ‘शाही’ हे उत्तरपद तिला लागलेले नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला सांविधानिक आधार मिळाला आणि २०११ पासून महाराष्ट्रात तिच्यातील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तिच्या निवडणुकांच्या चर्चेत ऐकू येणारा ‘घराणेशाही’ हा शब्द मात्र त्याच जुन्या साच्यातला आहे.