उपमा, उत्प्रेक्षा की रूपक? लोकलच्या गर्दीतून समजून घ्या मराठीतले अलंकार

'सारखा' आला की उपमा, 'जणू' आला की उत्प्रेक्षा. शाळेत अलंकार ओळखण्याची ही युक्ती बहुतेकांनी पाठ केलेली असते. परीक्षेत ती चालते, पण अलंकार नेमकं काय करतो हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी एकच दृश्य घेऊ: डोंबिवली स्थानकातली सकाळची गर्दी.

इथे गर्दी हे उपमेय, म्हणजे जिचं वर्णन करायचं ती गोष्ट. तिची तुलना उल्हास नदीच्या पुराशी केली, तर पूर हे उपमान. या दोघांचं नातं बदललं की अलंकार बदलतो.

एक गर्दी, सात अलंकार

- उपमा (दोन्हींत साम्य): गर्दी पुरासारखी वाढत गेली.
- उत्प्रेक्षा (एक म्हणजे जणू दुसरंच): गर्दी म्हणजे जणू उल्हास नदीचा पूरच!
- रूपक (दोन्ही एकरूप): माणसांच्या पुरात तो डब्यापर्यंत वाहत गेला.
- अपन्हुती (उपमेय नाकारणं): ही गर्दी नव्हे, हा तर पूर!
- व्यतिरेक (उपमेय उपमानाच्या वरचढ): पूर निदान ओसरतो, ही गर्दी ओसरतही नाही.
- अनन्वय (तुलना स्वतःशीच): डोंबिवलीच्या गर्दीसारखी गर्दी डोंबिवलीचीच.
- अतिशयोक्ती (वाढवून सांगणं): गर्दी इतकी, की कल्याणला आलेली शिंक ठाण्याला बाहेर पडली.

स्थानकांच्या नावातला श्लेष

एकाच शब्दातून दोन अर्थ निघाले की श्लेष होतो. 'या गाडीला दिवा नाही' असं कुणी म्हणालं, तर गाडी दिवा स्थानकात थांबत नाही, की तिचा दिवाच बंद आहे? आणि 'शेवटची लोकल चुकली, झालं कल्याण!' यात उपरोध आहे. शब्द भल्याचा, अर्थ नेमका उलटा.

'ठाणे आलं', पण कुठून?

१६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली. म्हणजे आली ती गाडी. तरीही डब्यातला प्रवासी 'ठाणे आलं' असंच म्हणतो. शब्दशः अर्थ जुळत नाही, म्हणून आपण जवळचा दुसरा अर्थ घेतो. ही लक्षणा. सरळ अर्थ देणारी शक्ती म्हणजे अभिधा. आणि दाराशी उभ्या माणसाला मागून कुणी 'ठाणे आलं' म्हणालं, की त्याला 'बाजूला व्हा, उतरायचंय' हे न सांगता कळतं. ही व्यंजना. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या संस्कृत ग्रंथात या तिन्ही शब्दशक्तींची चर्चा आहे.

हे कवितेपुरतंच आहे का?

नाही. बातम्यांचे मथळेही अलंकार वापरतात. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान धावत्या लोकलच्या दारातले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यात काहींचा जीव गेला. अशा घटनेला 'गर्दीने घेतले बळी' असा मथळा दिला, तर ती चेतनगुणोक्ती होते. कारण यात गर्दी जिवंत माणसासारखी कृती करते. मथळा ठसठशीत होतो खरा, पण दोष गर्दीच्या माथी जातो. गाड्या किती होत्या, दारं उघडी का होती, हे प्रश्न मागे पडतात. 'माणसांचा लोंढा' या रूपकाचंही तसंच. लोंढ्यात पाणी दिसतं, घरी वाट पाहणारं कुणीतरी असलेला माणूस दिसत नाही.

म्हणून अलंकार ओळखताना 'जणू' किंवा 'सारखा' शोधून थांबू नये. कशाची तुलना कशाशी झाली आणि त्या तुलनेत काय झाकलं गेलं, हे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्याचं उत्तर परीक्षेत गुण देतं. दुसऱ्याचं उत्तर रोजची बातमी वाचताना कामी येतं.