आडवाटेच्या मोटरसायकलचे टायर : प्रस्तावना

मोटरसायकलच्या गप्पा रंगल्या की इंजिन, ॲव्हरेज आणि सस्पेन्शन यांवर तासन्‌तास बोलणे होते. टायरचा विषय निघतो तो बहुधा पंक्चर झाल्यावरच. वास्तविक गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये असलेली ही एकमेव वस्तू. इंजिनाची ताकद, ब्रेकची पकड, वळणावरचा तोल हे सारे तळहाताएवढ्या दोन जागांमधून जमिनीपर्यंत पोहोचते. ज्यांच्या ॲडव्हेंचर मोटरसायकलचे मूळचे टायर झिजत आले आहेत आणि आता कोणते घ्यावेत, कसे बसवावेत असा प्रश्न ज्यांना पहिल्यांदाच पडला आहे, त्या वाचकांनी या विषयात निःशंकपणे पाऊल टाकावे. यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. थोडे कुतूहल आणि हात काळे करण्याची तयारी पुरते.

या जातीच्या गाड्यांचा इतिहास आणि त्यांच्या टायरचा इतिहास हातात हात घालूनच चालत आला आहे. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस ही गाडी आणली. महामार्गावर वेगाने धावावे आणि तिथूनच मातीच्या वाटेला लागावे, असा तिचा हेतू होता. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची. आडवाटेचे टायर तोवर एवढ्या वेगासाठी बनवलेलेच नसत, त्यामुळे तिच्यासाठी खास टायर घडवावे लागले. पुढच्याच वर्षी ह्युबेर ओरिओल याने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि या प्रकाराला प्रतिष्ठा लाभली. डांबर आणि माती या दोघांना एकाच रबराने सांभाळायचे हा पेच तेव्हापासून सुरू झाला, आणि तो आजही पूर्णपणे सुटलेला नाही. या विषयाची गोडी त्या पेचातच आहे.

आपल्याकडे या गाड्या सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या त्या गेल्या दशकभरात. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली, हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली, आणि चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर त्यानंतरच्या वर्षी. टायरच्या उद्योगाशी आपल्या भूमीचे नाते मात्र बरेच जुने आहे. इटलीतल्या तुरिन शहरात जन्मलेली सिएट १९५८ पासून मुंबईत नांदते आहे आणि नागपूरजवळ बुटीबोरीला तिचा दुचाकींच्या टायरचा कारखाना आहे. गोव्यात फोंड्याजवळ उसगावला एमआरएफचा कारखाना आहे. एकेकाळी असे टायर म्हटले की परदेशाकडे पाहावे लागे. आता देशी टायरही विश्वासाने निवडता येतात, याचे समाधान वाटते.

निवडीला बसण्यापूर्वी वाचकांनी आपल्या वाटेचा प्रामाणिक हिशेब मांडावा. गेल्या वर्षभरात गाडी नेमकी कुठे कुठे फिरली? बहुतेकांचे उत्तर एकच निघेल : रोजचा शहरातला रस्ता, शनिवार-रविवारी ताम्हिणी किंवा वरंधा घाट, एखाद्या गडाच्या पायथ्याचा कच्चा रस्ता, आणि कधीतरी लडाख किंवा स्पिती. टायर कंपन्या ८०-२०, ५०-५० असे आकडे सांगतात. पहिला आकडा डांबराचा, दुसरा मातीचा. या आकड्यांना कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचा ५०-५० दुसरीच्या ७०-३० सारखा वागू शकतो. त्यामुळे आकड्यापेक्षा नक्षीकडे पाहावे. रबराच्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जितकी जास्त, तितका टायर मातीचा. ती जितकी कमी, तितका डांबराचा.

ही मोकळी जागा कशासाठी असते, हे आपल्या मातीत फार चांगले कळते. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या काळ्या मातीचा रस्ता पावसात एकदा पाहावा. ती माती बारीक खाचांत भरते, चिकटते, आणि काही फेऱ्यांतच टायर गुळगुळीत होतो. रुंद खाचांचा टायर फिरता फिरता ती माती झटकून टाकतो. कोकणातल्या जांभ्याच्या वाटेचे तंत्र निराळे. खाली कठीण थर आणि वर सुटे खडे, त्यामुळे मध्यम नक्षीचा टायर तिथे छान चालतो. आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या घाटातल्या डांबरावर मोठ्या गोट्यांचा टायर उलट घातक ठरू शकतो, कारण जमिनीला टेकलेले रबरच कमी असते आणि ब्रेक लावताच ते गोटे वाकतात. माझे मत स्पष्ट आहे : सह्याद्रीत राहणाऱ्या आणि वर्षातून एकदा दूर जाणाऱ्या माणसाने डांबराकडे थोडा झुकलेला मध्यम टायरच घ्यावा. फोटोत रुबाबदार दिसणारे उंच गोटे ओल्या रस्त्यावर रोज थोडी थोडी किंमत वसूल करतात.

नक्षी ठरली की टायरच्या अंगावरचा मजकूर वाचायला शिकावे. पहिल्या हिमालयनच्या मागच्या टायरचे माप १२०/९०-१७ असे असते. रुंदी १२० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के म्हणजे १०८ मिलिमीटर, आणि रिम १७ इंचांची. त्यापुढे ६४एस असे लिहिले असेल, तर ६४ म्हणजे त्या टायरला २८० किलो भार पेलतो आणि ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगापर्यंत तो चालतो. दोघे जण, तीन पेट्या आणि तंबू लादून निघणाऱ्यांनी भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी होऊ देऊ नये. लंबगोल चौकटीतले चार अंक जन्मतारीख सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला २३ वा आठवडा. दुकानदाराला न संकोचता हे अंक दाखवायला सांगा. जुना पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी त्याचे रबर कडक होत जाते. दिसायला भारदस्त म्हणून एक माप रुंद टायर घालण्याची हौसही आवरावी. तो साखळीला किंवा स्विंगआर्मला घासू शकतो, आणि दोन्ही चाकांच्या गतीची तुलना करून चालणाऱ्या एबीएसलाही मूळ मापच मानवते.

आता बसवण्याविषयी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ताकदीचे काम समजून लोक ज्याला घाबरतात ते खरे तर समजुतीचे काम आहे. चाक काढून लाकडी ठोकळ्यांवर आडवे ठेवा, म्हणजे डिस्कवर भार येणार नाही. हवा पूर्ण सोडून टायरची कड, जिला बीड म्हणतात, ती रिमपासून सोडवून घ्या. बीडमध्ये पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. म्हणून रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ ठेवलेली असते. तुम्ही जिथे लिव्हर लावता, त्याच्या बरोबर समोरची बीड गुडघ्यांनी दाबून त्या पन्हळीत बसवा. मग इकडे आपोआप ढिलाई मिळते आणि लिव्हर दोन बोटांच्या जोराने उलटतो. तो उलटत नसेल, तर जोर वाढवू नका. समोरची बीड वर आली आहे, हे समजा. लांब लिव्हर घेऊन जबरदस्ती करणाऱ्याची नवी ट्यूब लिव्हर आणि रिम यांच्यात चिमटून फाटते.

नवा टायर चढवताना बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे आधी पाहावे. टायरवर हलक्या भागाचा रंगीत ठिपका असेल, तर तो व्हॉल्व्हपाशी आणावा. ट्यूबला किंचित हवा आणि हलकी पावडर, बीडला साबणाचे पाणी. हवा भरताना ‘टप्प’ असा आवाज करत बीड जागेवर बसते, पण आवाजावर विसंबू नये. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक रेघ असते. ती दोन्ही बाजूंनी रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली, तरच टायर नीट बसला. व्हॉल्व्हची चकती रिमला आवळण्याऐवजी वर टोपणाजवळ सोडावी. ट्यूब आत सरकली तर व्हॉल्व्ह तिरका होऊन आधी सूचना देतो, मुळातून तुटत नाही. चाक गाडीत परतल्यावर साखळीचा ताण पाहावा, ॲक्सलचा नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावा आणि गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक कडक लागेपर्यंत दाबत राहावा.

हवेबद्दल एक गोष्ट दूरच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी. खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटर उंचीवर आहे आणि तिथे वातावरणाचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. बाहेरचा दाब घटला की गेज जास्त दाखवतो. मुंबईत ३० अंश तापमानाला ३२ पीएसआय भरलेला टायर तेवढ्याच उष्णतेत तिथे ३९ च्या आसपास दाखवील. पण वर थंडी असते, आणि थंडीने आतली हवा आकसते. शून्य अंशाला तोच गेज ३४-३५ वर येतो. म्हणजे दोन परिणाम एकमेकांना बरेचसे खोडून काढतात, आणि घाईघाईने हवा सोडण्याचे कारण उरत नाही. लेहला पोहोचल्यावर सकाळी, टायर थंड असताना, गेज लावून पाहणे पुरे.

पहिला टायर बदलण्यासाठी वाचकांनी सवड असलेला दिवस आणि पुढचे चाक निवडावे. तिथे साखळीची कटकट नसते. ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे जावे आणि लिव्हर आपल्या हातात मागून घ्यावा. बहुतेक जण आनंदाने शिकवतात, आणि पन्हळीची युक्ती त्यांच्या गुडघ्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगली ठाऊक असते. नवा टायर चकचकीत आणि निसरडा असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणांवर आणि ब्रेकवर सबुरी ठेवावी. आणि गाडी ट्यूबची असेल, तर सामानात एकच जादा ट्यूब ठेवायची झाल्यास ती पुढची २१ इंची ठेवावी. अडचणीच्या वेळी ती मागच्या १७ इंची टायरमध्येही दुमडून बसवता येते आणि हळूहळू पुढच्या गावापर्यंत नेते. मागची रुंद ट्यूब मात्र पुढच्या चाकात मावत नाही.