वायोमिंगच्या मुद्रेवरची बाई

यंदा वर्धापनदिनाची तयारी सुरू झाली तेव्हा कार्यकारिणीत असे ठरले की, आपल्या मंडळाला स्वतःचे एक बोधचिन्ह असावे. कोणी समई सुचविली, कोणी कमळ, कोणी सुईदोरा. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोळपाट-लाटणे काढा, निदान खरे तरी होईल!" सगळ्याजणी हसलो आणि विषय तसाच राहिला. घरी आल्यावर मात्र मला माझ्या भाचीने पाठविलेले एक चित्र आठवले. माझ्या नणंदेची ही मुलगी अमेरिकेत डेन्व्हर शहरी असते. तेथून मोटारीने दोनएक तासांवर शायेन नावाचे गाव आहे. ते वायोमिंग राज्याच्या राजधानीचे गाव. तेथून तिने त्या राज्याच्या मुद्रेचे चित्र पाठविले होते. मुद्रेच्या मध्यभागी चौथऱ्यावर एक बाई उभी आहे व तिच्याजवळच्या निशाणावर 'समान हक्क' असे दोन शब्द आहेत. दोन बाजूंना दोन पुरुष आहेत, एक गुरे राखणारा व एक खाणकामगार. खाली १८६९ आणि १८९० अशी दोन सालें कोरलेली आहेत.

एखाद्या राज्याने आपल्या मुद्रेवर बाई काढावी व तिच्या हाती देवीसारखे शस्त्र किंवा फूल न देता तिच्याजवळ हक्काचा शब्द लिहावा, याचे मला नवल वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, इंग्रजी बेताचेच. पण मुलाकडून वाचून घेतले, भाचीला पत्रे टाकून विचारले, आणि जे कळले ते भगिनींपुढे ठेवीत आहे.

वायोमिंग हे राज्य नकाशावर पाहिले तर पाटीसारखे चौकोनी दिसते, कारण त्याच्या सीमा नद्याडोंगर पाहून न आखता अक्षांश-रेखांश धरून सरळ रेघेने आखलेल्या आहेत. विस्ताराने ते आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भरेल. परंतु २०२० च्या जनगणनेत तेथे माणसे भरली अवघी पावणेसहा लाख! बाकी सारे माळरान, डोंगर आणि वारा.

या मुलुखात आधीपासून शोशोनी, अरापाहो, शायेन, क्रो, लकोटा असे मूळचे लोक राहत होते. रानरेड्यांच्या, म्हणजे बायसनच्या कळपांमागे त्यांचे जीवन चालत असे. गोऱ्या लोकांची वस्ती वाढली ती रेल्वेमुळे. पूर्व-पश्चिम जोडणारा लोहमार्ग १८६७ साली येथवर आला आणि त्याबरोबर शायेन गाव उभे राहिले. पुढच्याच वर्षी, २५ जुलै १८६८ रोजी, अमेरिकेच्या काँग्रेसने या भागाचा 'प्रदेश' केला. प्रदेश म्हणजे अजून पूर्ण राज्य नव्हे. गव्हर्नर वरून नेमलेला, पण विधिमंडळ लोकांनी निवडलेले. नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. 'वायोमिंग' हा शब्द तेथील नव्हेच. तो पूर्वेकडच्या पेनसिल्व्हेनियातील लेनापे लोकांच्या भाषेतला, मोठे मैदान अशा अर्थाचा. तो दूरच्या पुढाऱ्यांना गोड वाटला म्हणून इकडे चिकटविला. जे लोक त्या मैदानावर पिढ्यान् पिढ्या राहत होते त्यांना कोणी विचारले नाही.

आता मुद्रेवरचे पहिले साल. १८६९ च्या हिवाळ्यात या प्रदेशाचे पहिले विधिमंडळ शायेनला भरले. सभासद वीस-बावीसच, सर्व पुरुष. त्यात वरच्या सभेचे अध्यक्ष विल्यम ब्राइट यांनी एक विधेयक आणले की, एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीला मत देण्याचा व अधिकारपद घेण्याचा हक्क असावा. हे ब्राइट साउथ पास सिटी नावाच्या सोन्याच्या खाणीच्या गावात दारूचा गुत्ता चालवीत असत! शाळेत आपण एक दिवसही गेलो नाही असे ते स्वतः सांगत. त्यांची बायको ज्युलिया बायकांच्या मताधिकाराच्या बाजूची होती, आणि तिच्या विचाराला ते फार मान देत. वरच्या सभेत सहा विरुद्ध दोन, खालच्या सभेत सात विरुद्ध चार मतांनी विधेयक मंजूर झाले आणि १० डिसेंबर १८६९ रोजी गव्हर्नर जॉन कॅम्पबेल यांनी त्यावर सही केली. कुटुंबाचा खर्च, घराचे भाडे, मुलांची शाळा यांचा विचार करणाऱ्या बाईला सरकारचा विचार करता येतो, हे अमेरिकेत कायद्याने प्रथम मान्य झाले ते असे, एका ओसाड मुलुखात.

हे सारे निव्वळ न्यायबुद्धीने झाले असे मात्र समजू नये. तेथे बाईमाणूस दुर्मिळ. वयात आलेल्या पुरुषांच्या मानाने बायका सहास एक अशा. हक्क दिला तर त्याची जाहिरात होईल, कुटुंबे येतील, वस्ती वाढेल असा हिशेब होता. सभासद सारे एका पक्षाचे व गव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा, म्हणून त्याला पेचात पकडावे हाही डाव होता. शिवाय काळ्या पुरुषांना मत मिळणार असेल तर आमच्या गोऱ्या बायकांना का नको, असे म्हणणारेही होते, आणि ब्राइट त्यांतलेच. हे वाचल्यावर माझे मन जरा खट्टू झाले. पण त्याच अधिवेशनात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवण्याचा हक्क देणारा कायदा झाला, आणि शिक्षिकेला शिक्षकाइतकाच पगार द्यावा असाही झाला. देणाऱ्यांच्या मनात काही का असेना, घेणाऱ्यांच्या पदरात ते पडले.

पहिले मत कोणी दिले? ६ सप्टेंबर १८७० रोजी लॅरमी गावात लुइझा स्वेन या एकोणसत्तर वर्षांच्या आजीबाईंनी. पाव फुगविण्यासाठी यीस्ट आणायला त्या सकाळीच हातात लहानशी बादली घेऊन निघाल्या होत्या, असे सांगतात. वाटेत मतदानाची जागा लागली. त्यांनी मत दिले आणि मग यीस्ट घेऊन घरी गेल्या. मला ही गोष्ट फार आवडते. (याआधी काही महिने शेजारच्या यूटा प्रदेशातील बायकांनी नगरपालिकेच्या निवडणुकीत मते दिली होती, हे सांगितले पाहिजे, पण त्यांचा हक्क १८८७ साली काँग्रेसने काढून घेतला.)

लुइझाबाईंच्याही आधी, फेब्रुवारी १८७० मध्ये, साउथ पास सिटीत एस्थर मॉरिस या बाईंची न्यायाधीशपदी नेमणूक झाली होती. पद लहानसे, गावापुरते. पण अशा जागी बसणारी ती अमेरिकेतील पहिली स्त्री. त्या वेळी तिचे वय पन्नाशीच्या पुढे होते. लहानपणी पोरकी झालेली, पहिला नवरा वारलेला, मुलाबाळांची. आधीचा न्यायाधीश दप्तर ताब्यात देईना, म्हणून तिच्यापुढचा पहिलाच खटला त्याच्याविरुद्ध उभा राहिला. यात माझाच संबंध आहे, तेव्हा मी निकाल देणे योग्य नाही, म्हणून तिने तो काढून टाकला. आठ-नऊ महिन्यांत पंचवीसच्या वर खटले तिने चालविले. भांडणे, उधारी, मारामारी, जे खाणीच्या गावात असते ते. तिने निवडणुकीआधी उमेदवारांना चहाला बोलावून त्यांच्याकडून बायकांच्या मताचे वचन घेतले, अशीही एक कथा प्रसिद्ध आहे. पण ती सुमारे पन्नास वर्षांनी प्रथम छापली गेली, व इतिहासाचे जाणकार ती खरी धरीत नाहीत. चहापानाची कथा ऐकायला गोड. परंतु मला तिच्या खटल्यांचा इतिहास जास्त मोलाचा वाटतो.

त्याच मार्चमध्ये लॅरमीला बायका ज्यूरीवरही बसल्या. गुत्त्यांच्या बाबतीत त्यांनी कडक निर्णय दिले. दूरदूरच्या वर्तमानपत्रांनी टवाळी केली, घरी बाळ सांभाळणाऱ्या नवऱ्यांवर पद्ये रचली. वर्षभरातच नव्या न्यायाधीशांनी ठरविले की मताचा हक्क म्हणजे ज्यूरीचा हक्क नव्हे. तो हक्क परत यायला १९४९ चा कायदा व्हावा लागला.

आणि मतसुद्धा जवळजवळ गेलेच होते. बायकांनी आपल्याला मते दिली नाहीत, असे पाहून १८७१ साली त्याच पक्षाच्या विधिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचे विधेयक आणले व संमतही केले. कॅम्पबेल यांनी ते नामंजूर करून परत पाठविले. त्यांचा नकार मोडून काढायला जेवढी मते लागत होती, त्यात वरच्या सभेत एक मत कमी पडले. एकच मत! भगिनींनो, त्या दिवशी कोणी एकजण दुसऱ्या बाजूला बसला असता तर मुद्रेवर आज कदाचित नुसताच रानरेडा असता.

पुढे पंचवीस नव्हे, अठरा-एकोणीस वर्षे बायका मत देत राहिल्या व आकाश काही कोसळले नाही. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत फिरत होत्या व १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले; त्या तेथे होत्या तेव्हा वायोमिंगच्या बायकांच्या हाती मत येऊन सोळा वर्षे उलटून गेली होती. १८८९ मध्ये पूर्ण राज्य होण्यासाठी घटना लिहिली गेली. लिहिणारे सारे पुरुषच, पण त्यांनी स्त्रियांचे मत तिच्यात कायम ठेवले. वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये यावर मोठी हरकत निघाली. बायकांना वगळून राज्यपद घेण्यापेक्षा शंभर वर्षे बाहेर राहू, अशी तार शायेनहून गेली असे सांगतात. ती तार काही कोणाला सापडलेली नाही. परंतु प्रतिनिधिसभेत १३९ विरुद्ध १२७ असा निसटता निकाल लागला हे खरे. १० जुलै १८९० रोजी वायोमिंग हे चव्वेचाळिसावे राज्य झाले. मुद्रेवरचे दुसरे साल ते, आणि ४४ हा आकडाही तिच्यावर आहे.

समारंभ २३ जुलैला झाला. मुख्य भाषण थेरेसा जेनकिन्स या बाईंचे होते. त्या वेळी ध्वनिक्षेपक कोठला? आवाज सर्वांना पोचावा म्हणून त्या माळावर सराव करीत व नवरा गाडी घेऊन लांब लांब जाऊन "मोठ्याने!" असे ओरडत असे, अशी आठवण सांगतात. नवरा असाही उपयोगी पडतो. त्याच समारंभात म्हाताऱ्या एस्थर मॉरिस यांच्या हस्ते गव्हर्नरना राष्ट्रध्वज देण्यात आला.

मुद्रेचे मात्र सुरुवातीला चांगलेच हसे झाले. १८९१ साली जे चित्र मान्य म्हणून पुढे आले, त्यातील बाईच्या अंगावर वस्त्रच नव्हते! समान हक्काचे नाव आणि चित्र असे. गदारोळ झाला व १८९३ साली नवे चित्र करून कायदा केला गेला. त्यात ती नीट वस्त्र नेसून उभी आहे. एवढी वर्षे मत देणाऱ्या बायका राज्यात असताना मुद्रा ठरविताना एकीलाही विचारले नसावे, असा माझा आपला तर्क.

ध्वजाच्या वेळी तसे झाले नाही. १९१६ मध्ये तेथील एका स्त्रीसंस्थेने ध्वजाच्या चित्राची स्पर्धा ठेवली, वीस डॉलर बक्षीस. सदतीस चित्रे आली. बफेलो गावची, शिकागोला चित्रकला शिकून आलेली व्हर्ना कीझ ही मुलगी जिंकली. एका रात्री अचानक जाग आली आणि चित्र डोळ्यांपुढे स्पष्ट उभे राहिले, असे ती सांगे. निळ्या पटावर पांढरा रानरेडा, भोवती पांढरी व लाल किनार. आणि गुरांना डाग देतात तशी रेड्याच्या अंगावर राज्याची मुद्रा, म्हणजे पुन्हा ती बाई. लाल रंग तेथील मूळ लोकांचा व वसाहतवाल्यांनी सांडलेल्या रक्ताचा. व्हर्नाने रेडा काठीकडे पाठ करून, मोकळ्या रानाकडे तोंड केलेला काढला होता; पण डॉ. ग्रेस हेबर्ड या विदुषींनी तो काठीकडे वळविला. ३१ जानेवारी १९१७ रोजी ध्वज मान्य झाला. त्याच दिवशी 'इंडियन पेंटब्रश' हे राज्यपुष्प ठरले. त्याचा जो लाल भाग दिसतो तो पाकळ्यांचा नसून रंगीत पानांचा असतो, आपल्या बोगनवेलीसारखा. पक्षी मेडोलार्क, तो १९२७ सालचा.

आता जे चिन्हात दिसत नाही तेही सांगते. 'समान हक्क' सर्वांना नव्हते. शोशोनी लोक १८६८ च्या तहानंतर विंड रिव्हरच्या राखीव भागात राहिले. देशातील सर्व मूळ लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व कायद्याने मिळाले ते १९२४ साली. आणि २ सप्टेंबर १८८५ रोजी रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी चिनी कामगारांच्या वस्तीवर हल्ला करून निदान अठ्ठावीस जणांना मारले, घरे जाळली. मुद्रेवरच्या खाणकामगाराकडे पाहिले की मला हे आठवते.

बायकांनी मात्र मिळालेल्या हक्काचे चीज केले. १९२० साली जॅक्सन गावात नगराध्यक्ष ग्रेस मिलर व चारही सभासद बायका निवडून आल्या. त्यांतील रोझ क्रॅबट्री यांनी तर स्वतःच्या नवऱ्यालाच हरविले! या बायकांनी थकलेले कर घरोघर जाऊन वसूल केले. १९२५ च्या जानेवारीत नेली रॉस या वायोमिंगच्या गव्हर्नर झाल्या. साऱ्या अमेरिकेत स्त्री गव्हर्नर होण्याची ती पहिली वेळ. पण त्यानंतर २०२५ पर्यंतच्या शंभर वर्षांत त्या राज्यात दुसरी स्त्री गव्हर्नर झाली नाही.

हे सगळे मी मागच्या बैठकीत थोडक्यात सांगितले. काकूंनी सर्व ऐकून घेतले व विचारले, "त्या आजीबाईंची बादली कोठे आहे चित्रात?" मी म्हटले, ती नाही. तेव्हा समई, कमळ, सुईदोरा आणि लाटणे यांच्या यादीत आता बादलीही आली असून निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे.