गळकाठीचें कवच

मासे गरवणाऱ्याचें लक्ष बहुधा गरीवर असतें, आमिषावर असतें, पाण्याच्या बारीकशा हालचालीवर असतें. हातांतील काठीकडे तें क्वचितच जातें. भाईंदर वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर आहे आणि त्याच्या पश्चिमेस समुद्रकांठीं उत्तनचा कोळीवाडा आहे. अशा खाऱ्या हवेंत घरीं केलेली बांबूची काठी किती पावसाळे काढील, हें बांबूच्या जातीइतकेंच तिच्यावर चढविलेल्या लेपावर अवलंबून असतें. लेप कोणता निवडावा हा प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. पण त्याच्या उत्तरामागें कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे.

गळ टाकून मासे धरण्याचा छंद साहेबानें या देशांत आणला, ही समजूत खरी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचें आमिष आणि गळाचीं साधनें यांचा त्यांत विचार केलेला आहे. इंग्रजींत या विषयावरील पहिलें पुस्तक छापलें गेलें तें १४९६ सालीं. मात्र राजाचा जो विनोद, तो कोळ्याचा चरितार्थ होता. साधन कुजलें तर राजा नवें मागवी. कोळ्याची चूल अडे. म्हणून साधन टिकविण्याची विद्या वाढली ती किनाऱ्यावर.

या विद्येचा पहिला धडा असा, कीं बांबूचा आद्य शत्रु पाणी नसून भुंगा आहे. बांबूंतील पिठूळ सत्त्वावर तो जगतो. म्हणून तोडलेला बांबू कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेवावयाचा, मग सावलींत वाळवावयाचा, आणि त्यानंतरच लेपाचा विचार करावयाचा. कीड आंत असतां वरून रोगण देणें म्हणजे चोराला घरांत घेऊन दाराला कडी लावणें होय.

दुसरा धडा असा, कीं सर्वांना चालेल असा एकच लेप नाहीं. उत्तर कोंकणांतील कोळी सुताचीं जाळीं ऐनाच्या सालीच्या काढ्यांत भिजवीत. सालींतील तुरट द्रव्यामुळें सूत लवकर कुजत नसे. होडीच्या फळ्यांना माशाचें तेल पाजीत आणि बुडाला चुना व चरबी यांचा लेप देत. सूत, फळी आणि बूड यांचीं दुखणीं निराळीं, म्हणून औषधेंहि निराळीं. शिवाय हे लेप एकदांच देऊन संपत नसत. ते वरचेवर द्यावे लागत.

काठीला काय द्यावें? खोबरेल तेल घरांत सहज मिळतें, पण तें कधींच वाळत नाहीं. त्यावर धूळ बसते. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन हळूहळू घट्ट होतें. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं १६ व्या शतकांत ब्राझीलहून गोव्यांत आणलें. त्याच्या टरफलाच्या तेलानें लांकडाला कीड व पाणी बाधत नाहीं. पण त्यानें कातडीला फोड येतात, तेव्हां तें होडीला ठीक, हातांत धरावयाच्या काठीला नव्हे. सावंतवाडीच्या लांकडी खेळण्यांवर लाख शोभून दिसते. परंतु खेळणें वांकत नाहीं आणि काठी वांकते. लाखेचा थर वांकविला कीं तडकतो, आणि स्पिरिटमध्यें विरघळवून दिलेली लाख पाण्यानें पांढरी पडते.

काठी वांकते, हीच सगळ्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. १९ व्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील पेनसिल्व्हानियांत सॅम्युएल फिलिप या कारागिरानें बांबूच्या चिपा एकमेकींस चिकटवून काठ्या केल्या. त्यासाठीं लागणारा बांबू पुढें कित्येक वर्षें कलकत्त्याहून जात असे. २० व्या शतकांत चिनी बांबूनें त्याची जागा घेतली. त्या काठ्यांना तेल आणि राळ यांचें रोगण देत. जहाजाच्या डोलकाठीसाठीं तयार होणाऱ्या रोगणांत तेलाचा अंश अधिक असतो, कारण डोलकाठीहि वाऱ्यानें वांकते. तोच गुण गळकाठीला उपयोगी पडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूच्या काठ्या निघाल्या, नायलॉनचीं जाळीं आलीं आणि सालीच्या काढ्याच्या कढया थंडावल्या. इपॉक्सीसारखे कृत्रिम लेप कठीण, चकचकीत आणि जलरोधक असतात. पण उन्हानें ते पिवळे पडतात. त्यांना एखादी चीर गेली तर पाणी आंत शिरतें आणि तेथेंच कोंडून बांबू काळा पडतो. असा लेप दुरुस्त करावयाचा तर सगळा खरवडावा लागतो.

म्हणून घरगुती बांबूच्या काठीला जुना मार्गच हितकर आहे. प्रथम जवसाचें तेल पातळ करून मुरवावें. पेरें आणि कापलेलीं टोंकें यांना तें अधिक द्यावें, कारण पाणी तेथूनच शिरतें. तें पुरतें वाळल्यावर तेलाच्या रोगणाचे दोनतीन पातळ थर द्यावे आणि प्रत्येक थर घासून मगच पुढचा चढवावा. तेलानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवूं नयेत. त्या आपोआप पेट घेतात. पावसाळ्यांत काठी उभी टांगावी आणि पाऊस संपल्यावर तिला पुन्हा एक हात द्यावा.

कायमचें कवच कोणत्याच दुकानांत मिळत नाहीं. कोळ्याची होडी टिकली ती तेल श्रेष्ठ होतें म्हणून नव्हे, तर तें वरचेवर चोळणारा हात घरांत होता म्हणून. जो लेप वस्तूबरोबर वांकतो आणि झिजल्यावर पुन्हा सहज देतां येतो, तोच अखेर तिला राखतो.