शीर्षकांतर आणि दृष्टान्त : ब्रेदँचे एक शिलामुद्रित चित्र

रोदोल्फ ब्रेदँ (१८२२–१८८५) या फ्रेंच चित्रकाराचे 'दयाळू शोमरोनी' हे शिलामुद्रित चित्र साहित्याच्या अभ्यासकांना बहुधा हुइस्मान्सच्या 'आ रबूर' (१८८४) या कादंबरीतून परिचित असते. नायक देझेसँत याच्या एकांतगृहातील चित्रसंग्रहात ते आहे. तेथील वर्णनात ऋतू आणि हवामान यांना न जुमानता एकत्र वाढलेले वृक्ष, माकडे, घुबडे आणि दूरचे स्वप्नवत नगर यांना अग्रस्थान मिळते. जखमी माणूस आणि त्याचा साहाय्यकर्ता यांचा उल्लेख जाता जाता होतो. हा आस्वाद इतका प्रभावी ठरला की चित्राचे पहिले शीर्षक जवळजवळ विस्मृतीत गेले.

पॅरिसच्या १८६१ च्या 'सालों' प्रदर्शनात हे चित्र मांडले गेले ते 'ख्रिस्ती माणसाला साहाय्य करणारा अब्द अल्-कादिर' अशा आशयाच्या शीर्षकाने. अब्द अल्-कादिर हा १८३२ ते १८४७ या काळात अल्जीरियात फ्रेंच सैन्याशी झुंजलेला आणि शरणागतीनंतर १८५२ पर्यंत फ्रान्समध्ये बंदिवासात राहिलेला अमीर. जुलै १८६० मध्ये दमास्कस येथे ख्रिस्ती लोकांची कत्तल सुरू झाली, तेव्हा त्याने हजारोंना आश्रय देऊन वाचविले. प्रदर्शनातील प्रेक्षकाला हे ताजे वृत्त ठाऊक असणारच.

लूकच्या शुभवर्तमानात (१०:२५–३७) शास्त्री विचारतो, आपला शेजारी कोण? येशू कथेच्या शेवटी प्रश्नाची दिशाच पालटतो : तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? श्रोत्याला उत्तर द्यावयाचे तर वाटेवर पडलेल्या माणसाच्या जागी जावे लागते, आणि मदतीचा हात ज्याला आपण तुच्छ मानतो त्या शोमरोन्याचा निघतो. महानुभावीय परिभाषेत बोलायचे तर दार्ष्टान्तिकात श्रोता स्वतःच सापडतो. पहिल्या शीर्षकाने पॅरिसच्या ख्रिस्ती प्रेक्षकाला नेमके तेथेच नेले होते. उपकारकर्ता मुसलमान, आणि तोही कालचा शत्रू. दुसऱ्या शीर्षकात पवित्र ग्रंथातले नाव परत आले. परंतु 'शोमरोनी' हा शब्द तोवर दयाळूपणाचाच पर्याय होऊन बसला होता, त्यातील परकेपणाचा काटा बोथट झाला होता. म्हणून बायबलचे नाव नसलेले शीर्षकच, माझ्या मते, दृष्टान्ताशी अधिक इमानी आहे.

अर्थात ते निरागस होते असे नव्हे. नेपोलियन तिसरा याच्या राजवटीने अमीराला मोठा सन्मान दिला आणि १८६० मध्येच सीरियाकडे सैन्य धाडले. ख्रिस्ती लोकांचा हा मुसलमान त्राता साम्राज्याच्याही सोयीचा होता. 'उदार शत्रू' ही जेत्यांची आवडती प्रतिमा असते.

शीर्षके बदलली तरी प्रतिमा तीच राहिली. लूकच्या कथेत शोमरोन्याचे जनावर कोणते हे स्पष्ट होत नाही. चित्रपरंपरेत बहुधा घोडा किंवा गाढव येते. ब्रेदँने उंट उभा केला, आणि तोही मध्यभागी, माणसांहून ठळक. नवे नाव लाभल्यावरही त्या उंटाने दमास्कसची खूण जपून ठेवली आहे. भोवतालचे अरण्य मात्र दोन्ही शीर्षकांना दाद देत नाही. लेखणीने दगडावर रेखलेल्या त्या असंख्य बारीक रेघांत दृष्टी फांद्याफांद्यांतून भटकत राहते आणि खाली पडलेल्या माणसापाशी उशिरा पोहोचते. कथेतील याजक आणि लेवी जसे बाजूने निघून जातात, तसे पाहणाराही काही क्षण निघून जातो. हुइस्मान्सच्या वर्णनात हेच घडते. ते वर्णन छापून आले त्याच्या आदल्या वर्षी, १८८३ मध्ये, अब्द अल्-कादिर दमास्कसमध्येच निवर्तला होता.